बस म्हणाले म्हणून

मी कपाटावरचा टेप बोलतोय. टेपरेकॉर्डर हे माझं पूर्ण नाव, पण या घरात ते कुणी कधी घेतलं नाही. सध्या मी एका जुन्या चादरीत गुंडाळलेला आहे आणि डोक्यावर चार बोटांवर छत आहे. चादरीला एके ठिकाणी भोक पडलंय, तिथून मला खालची खोली दिसते. खाटेवर तो आहे, आत स्वयंपाकघरात ती आहे. दोघांत जे घडलं त्याचा साक्षीदार मी एकटाच, आणि माझी तर बोलती बंद करून ठेवलीय. म्हणून म्हटलं, आज तुम्हालाच सांगावं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. एकीने मोटर बसवली, दुसरीने रबराचा पट्टा चढवला, तिसरीने पाठीला चार स्क्रू पिळले. शेवटच्या बाईने माझ्यात एक कॅसेट घालून बटण दाबलं, कान लावला, "हा बोलतोय" असं म्हणाली आणि मला खोक्यात टाकलं. माझं कौतुक झालं ते एवढंच.

दुकानातून मला घेतलं ते तिच्या दादाने. दादा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि रिकाम्या वेळात गाणी जुळवायचा. बहिणीचं लग्न ठरलं तसा तो मला घेऊन आला, तिला समोर बसवलं आणि लाल बटण दाबून म्हणाला, "हं, म्हण आता. लाजू नकोस, इथं कुणी नाहीये." मी होतो, पण मला कोण मोजतो. तिने दादाची सहा गाणी म्हटली. तिसऱ्या गाण्यात एका ओळीवर तिला हसू फुटलं आणि दादाने ते पुसू दिलं नाही. कॅसेटची एक बाजू भरली. दुसरी बाजू आपण नंतर भरू, असं ठरलं.

खरं सांगतो, त्या दिवशी मी तिचा झालो. पुढे मी काय काय पाहिलं ते ऐकून तुम्ही मला पक्षपाती म्हणाल, तर म्हणा.

तिचा नवरा घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं टेबल, टेबलावर चिमटे, तेलाची बारीक कुपी आणि उलट्या ठेवलेल्या काचेच्या वाट्या, प्रत्येक वाटीखाली कुणाचं ना कुणाचं उघडलेलं घड्याळ. उजव्या डोळ्याला भिंग लावून तो सकाळी बसायचा तो जेवायलाच उठायचा. हातात कसब मोठं होतं, ते मी नाकारत नाही. पण घड्याळाचं दुखणं तो कानाने ओळखायचा. घड्याळ कानाशी धरायचं, टिकटिक ऐकायची आणि कुठलं चाक अडतंय ते सांगायचं. त्यासाठी त्याला घरात शांतता लागायची, आणि घर म्हणजे ती.

लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी तिने मला लावलं. पहिलं कडवंही संपलं नव्हतं.

"बस," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही की मान वर केली नाही. तिने मला बंद केलं. पुढे या शब्दाने घर भरून गेलं. भांडं पडलं, बस. लेक पाढे म्हणायला लागली, बस. ती पीठ मळताना नुसती गुणगुणली तरी भिंतीपलीकडून, बस. लेक लहान असताना एकदा तिने आईला विचारलं होतं की बाबा आपल्याला सारखं बसायला का सांगतात. आई म्हणाली, बसायला नाही गं, गप्प बसायला. तेव्हापासून लेकीला अर्थ पक्का कळला, आणि तो अर्थ तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्यावरही त्याने हात साफ केला. एका गिऱ्हाइकाच्या गजराच्या घड्याळाला स्क्रू कमी पडला, तर त्याने सरळ माझ्या पाठीचा काढला. विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून खालच्या सुरात माझी पाठ खुळखुळते.

हे सगळं मी विसरलो असतो. पण एक दिवस दादा गेल्याचा निरोप आला. ती जाऊन आली, आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच माझ्यापुढे येऊन बसली. बटण दाबलं. "हं, म्हण आता. लाजू नकोस," दादा म्हणाला. तिने लगेच मागे नेऊन पुन्हा लावलं. गाणं तिला नकोच होतं, तेवढं एक वाक्य हवं होतं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा खिडकीपासून आवाज आला, "बस. मला ऐकू येत नाहीये."

त्याच्या कानाशी कुणाचं तरी मनगटी घड्याळ होतं.

ती रडली नाही. तिने मला बंद केलं, चादरीत गुंडाळलं, स्टुलावर चढून कपाटावर ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. त्यानंतर वीस वर्षं मी वर होतो. तिचं गुणगुणणंही त्या दिवसापासून थांबलं. त्याला बहुधा त्याचा पत्ताही नव्हता, कारण बंद पडलेलं घड्याळ त्याला लगेच कळायचं, माणसाचं तसं नव्हतं.

मग एका सकाळी टेबलाशी काम करता करता तो एका अंगावर कलला. डोळ्यावरचं भिंग गळून जमिनीवर घरंगळत गेलं. पक्षाघाताचा झटका. दवाखान्यात तीन आठवडे काढून त्याला घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय ओल्या टॉवेलसारखे लोंबत होते आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. बोलणं सगळं गेलं होतं. एक शब्द तेवढा उरला होता. तो कोणता, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पाणी हवं असलं तरी बस, नको असलं तरी बस. उशी टोचली, बस. लेकीला बघून डोळ्यांत पाणी आलं, बस.

त्याला बोलतं करण्यासाठी आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या. ही त्यांना बोलक्या मॅडम म्हणायची. मॅडमनी समजावून सांगितलं की असं होतं कधी कधी, जन्मभर जो शब्द सगळ्यात जास्त वापरला तोच जिभेवर शिल्लक राहतो. आता ते सगळ्यासाठी तोच वापरतील. "काकू, अर्थ शब्दात शोधू नका," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यात शोधा, हातात शोधा."

आणि मग त्या गाण्याबद्दल बोलल्या. रोज निदान तासभर गाणी ऐकवा. मागे नुसतं काहीतरी वाजत ठेवायचं नाही, नीट ऐकवायची. त्याने लक्ष लागायला मदत होते, आठवण सुधारते, मन उभारी धरतं. हे औषध नाही, औषधाच्या आणि व्यायामाच्या जोडीला आहे. आणि सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, तेव्हा आळस नको. एवढं सांगून त्यांनी वही उघडली. "पण गाणी त्यांच्या आवडीची हवीत. काकांना कुठली आवडतात?"

लेक आईकडे बघायला लागली. या घरात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी वर चादरीत कान टवकारले.

ती म्हणाली, "माझी. मी म्हटलेली. त्यांना फार आवडतात."

"बाबांना?" लेक म्हणाली.

"तुला काय माहीत. तू जन्मायच्या आधीची गोष्ट आहे."

खाटेवरून आवाज आला, "बस."

"बघा," ती मॅडमना म्हणाली, "लाजतात."

तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. वीस वर्षांनी मला खाली काढलं, चादर झटकली. माझा पट्टा पार विरघळून चिकट झाला होता, तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तिने बदलून आणला. आणि मला ठेवलं कुठे, तर त्याच्या टेबलावर. चिमटे, वाट्या, गिऱ्हाइकांची उघडी घड्याळं तिने एका बुटाच्या खोक्यात लोटली आणि खोकं खाटेखाली सरकवलं. तो खाटेवरून बघत होता. त्यातली चाकं एकमेकांत मिसळल्याचा आवाज त्याला माझ्याहून नीट कळला असणार. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात, तशी माझ्या वाट्याला निदान त्याची जागा आली, असं मी मनात म्हटलं.

तिने खाटेपाशी स्टूल घेतलं आणि मटारची परडी मांडीवर घेऊन बटण दाबलं. दादा म्हणाला, हं, म्हण आता. मग तिचा विशीतला आवाज खोलीभर झाला.

"बस," तो म्हणाला. त्याचा डावा हात बटणाच्या दिशेने उठला आणि हवेतच राहिला.

"बसलेय की," ती म्हणाली आणि शेंग फोडली.

"बस. बस."

"अहो, बसलेय म्हटलं ना. कुठे जातेय मी?"

दोघांनाही नीट माहीत होतं तो काय म्हणतोय. तिने उलटा अर्थ घेतला आणि तो चुकीचा आहे हे सांगायला त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता. तासभर तिने मला वाजवलं. सहा गाणी संपली की उलट गुंडाळायचं, पुन्हा दादा. त्याच्या ओघळलेल्या कोपऱ्यातून लाळ आली, डोळ्यांतून पाणी आलं. पाणी तिने पुसलं, लाळही पुसली. सेवेत तिने कधी कसूर केली नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, पाठीला पावडर वेळेवर, आणि गाणंही वेळेवर. शेजारीण तर आपल्या सुनेला तिचं उदाहरण द्यायची.

मलाही मजा येत होती. खोटं कशाला बोलू? अडतीस वर्षांचं उट्टं निघत होतं आणि काढणारा आवाज माझ्यातून जात होता.

पण माझी जागा अशी होती की मला दोघांचे चेहरे दिसायचे. ती माझ्याकडे तोंड करून बसायची, त्याच्याकडे पाठ. म्हणून जे मला दिसलं ते तिला दिसलं नाही. महिना झाला असेल. त्याने हात उचलणं सोडलं. मग एक दिवस डाव्या हाताचं एक बोट चादरीवर हलायला लागलं. टिक, टिक, टिक. ठेक्याला एक केसभर मागेपुढे नाही. अहो, जन्मभर सेकंद कानाने मोजलेला माणूस तो, गाणं मोजायला किती वेळ लागणार? आणि पुढच्या आठवड्यात मी पाहिलं की तिसऱ्या गाण्यात त्या ओळीच्या आधीच त्याच्या तोंडाचा शाबूत कोपरा वर जातो. तिचं हसू यायच्या आधी तो हसायचा. त्या हसण्याची तो वाट बघायला लागला होता.

मला हे आवडलं नाही. मी तिच्या बाजूचा, मी कशाला त्याला बरं वाटू देऊ? पण वाजवणं काही माझ्या हातात नव्हतं.

त्याची तब्येतही सुधारत गेली. मॅडम चित्रं दाखवायच्या तेव्हा तो आता टिकून बघायचा, पाचातली चार बरोबर दाखवायचा. मॅडम खूश, लेक खूश. आणि तीही बदलत होती, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. टेपमधल्या आवाजाबरोबर ती आधी ओठ हलवायला लागली, मग म्हणायला लागली. आवाज फाटायचा, वर जाताना तुटायचा. माझ्यात ती विशीची होती आणि स्टुलावर साठीची, आणि दोघी मिळून दादाचं गाणं म्हणायच्या. मी इतका नीट कधी वाजलो नसेन. माझी खुळखुळणारी पाठसुद्धा मी आवळून धरली होती.

चौथ्या महिन्यात एका दुपारी गाणं चालू असताना आत दूध उतू जायला लागलं आणि ती उठून गेली. स्टूल रिकामं झालं. त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. मग डावा हात पुढे करून स्टुलावर थोपटलं.

"बस," तो म्हणाला. पुन्हा थोपटलं. "बस. बस."

आणि तेवढ्यात पाचवं गाणं लागलं. त्याची पहिली ओळ दादाने अशी जुळवलेली, ‘वाट म्हणाली, इतक्यात का गं निघालीस’. त्याने तोंड उघडलं आणि टेपबरोबर, सुरात, म्हटलं,

"वाट."

दुसरा शब्द. चार महिन्यांतला पहिला नवा. खरं सांगतो, माझा पट्टा घसरता घसरता राहिला. त्याचं उट्टं काढायला आलेला मी, आणि त्याच्या तोंडातून शब्द निघाला तो माझ्यामुळे.

ती दारात उभी होती. हातात दुधाचं भांडं फडक्यात धरलेलं. तिने सगळं पाहिलं होतं. रिकाम्या स्टुलावर पडणारा हात पाहिला, शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा पाहिला, चार महिन्यांत पहिल्यांदाच नीट.

मला वाटलं, आता ही भांडं खाली ठेवेल आणि येऊन बसेल. आता रडेल. दादाचं वाक्य ऐकून जे रडायचं राहिलं होतं तेही रडेल. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मी दोघांच्याही बाजूचा झालो होतो.

ती म्हणाली, "म्हणजे आवडतंय तुम्हाला."

त्याने थोपटलं. "बस."

ती चालत माझ्यापाशी आली. "बस म्हणताय?" ती म्हणाली. "बरं. बस तर बस."

आणि तिने माझं बटण दाबलं. पाचव्या गाण्याची दुसरी ओळ अर्धीच राहिली.

तो थोपटत राहिला. बस, बस, बस. त्याला समजलं नव्हतं. मग त्याचा हात थांबला आणि तो तिच्याकडे बघत राहिला, म्हणजे त्याला समजलं असावं. तिने स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं. चार महिने नको म्हणाला तेव्हा बसली, ये म्हणाला तेव्हा उठली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. कारण त्याच्या गाण्याबरोबर तिने स्वतःचंही बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोलक्या मॅडम आल्या. काकूंनी सांगितलं की हल्ली गाणं लावलं की चिडतात. मॅडमना खरं वाटेना, त्या त्याच्यापाशी वाकल्या. "काका, गाणं लावायचं?"

त्याने डावा हात पुढे केला आणि थोपटलं. पण स्टूल तिथे नव्हतं. हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटला. "बस," तो म्हणाला आणि पुन्हा आपटला. "बस. बस." नको म्हणून आदळआपट करणारा माणूस असाच दिसतो.

"बघा," ती दारातून म्हणाली.

मॅडमनी त्याचा हात धरून थांबवला. त्यांचा चेहरा पडला होता. "मग बळजबरी नको, काकू. हे त्यांच्या मर्जीनंच व्हायला हवं." वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यात शोधा, हातात शोधा, असं सांगणाऱ्या त्याच. त्यांचं चुकलं नाही. त्यांनी शोधलं, पण शोधायची जागाच कुणीतरी हलवून ठेवली होती. आणि मी टेबलावर बसून होतो, बटण वर, तोंड बंद. आम्हां यंत्रांना कुणी दाबल्याशिवाय बोलता येत नाही, एवढीच काय ती आमच्यात आणि त्याच्यात फरकाची गोष्ट, आणि आता तीही उरली नव्हती.

रविवारी लेक आली. गाणं का बंद, म्हणून विचारलं.

"बस म्हणाले म्हणून," आई म्हणाली.

लेकीने पुढे काही विचारलं नाही. बस म्हणजे काय, ते तिला लहानपणापासून पाठ होतं, आणि पाठ करून घेणारा खाटेवर पडला होता. तिने बापाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं बाबा, नाही लावत." आणि स्टुलावर चढून मला कपाटावर ठेवलं तेही तिनेच. चादर आईने खालून दिली.

याला आता तीन महिने झाले. "वाट" हा शब्द त्याने आधी रोज म्हणून पाहिला, मग अधूनमधून, मग तो गेला. चित्रं दाखवली तर तो आता खिडकीकडे बघतो. मॅडम महिन्यातून एकदा येतात. शेजारीण अजून तिचं उदाहरण देते.

माझं काय, मी यंत्र आहे. पट्टा नवीन आहे, काही वर्षं टिकेल. कॅसेट माझ्या पोटात आहे, पाचव्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीवर अडलेली, आणि दुसरी बाजू अजून कोरी आहे. तुमच्यापैकी कुणी या घरी पाहुणे म्हणून आलात, तर घरधनिणीच्या तोंडावर जाऊ नका, ती गोड बोलेल. स्टुलावर चढा आणि मला खाली काढा. बाजू कुणाची घ्यायची ते आपण नंतर ठरवू, आधी बटण दाबा.

काल दुपारी ती आत भांडी पुसत होती. पुसता पुसता नकळत तिच्या तोंडातून गुणगुणणं आलं. वीस वर्षांत नाही ते, आपसूक. वाट म्हणाली, इतक्यात का गं. मी चादरीच्या भोकातून खाली पाहिलं. खाटेवर त्याचं बोट उठलं होतं. ठेका धरण्यासाठी ते हवेत थांबलं होतं.

आतून तिचा आवाज आला. तिने स्वतःलाच म्हटलं, हळू, मान वर न करता म्हणतात तसं.

"बस."

बोट चादरीवर टेकलं आणि मग हललं नाही.